जुन्या बाजारातली पिशवी: ही नाणी कुठली?

खुर्दा (धागाकर्ता)

मंडळी, रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात घड्याळाचा पट्टा बघायला गेलो आणि भलतंच घेऊन आलो. एका पथारीवर प्लास्टिकच्या पिशव्या मांडल्या होत्या, प्रत्येकीत परदेशी नाणी. तोंड पिनांनी बंद. फोडायची नाही, निवडायची नाही. "शंभर नग पाचशे रुपये, पुढं तुमचं नशीब." घासाघीस करून साडेचारशेला एक उचलली. घरी मोजली तर ९४ भरली. असो.

निम्मी सहज लागली: ब्रिटनच्या पेन्या, अमेरिकेचे सेंट, सिंगापूर, दुबई. उरलेल्यांपैकी या सात-आठांनी डोकं खाल्लंय. फोटो चढत नाहीयेत, म्हणून वर्णनावर भागवतो.

१) तांब्याचं, एका बाजूला तराजू. तराजूच्या खाली उर्दूत काहीतरी, दुसऱ्या बाजूला पूर्ण उर्दू मजकूर. इंग्रजी अक्षर एकही नाही. हे शिवकालीन आहे का?
२) तांब्याचं. इंग्रजीत मस्कत, ओमान वगैरे आणि चक्क 'पाव आणा' लिहिलंय. साल उर्दूत १३१०.
३) मोठं, मधे भोक, ईस्ट आफ्रिका १० सेंट, १९३६.
४) पिवळं, मधे भोक, भाताची लोंबी. अक्षरं चिनी. आकडा एकही नाही.
५) पांढरं, 'हेल्वेशिया'. या नावाचा देश नकाशात सापडत नाही.
६) पांढरं, चार मिनारांची इमारत. साल १३७७. सौदी?
७) पितळी रंगाचं, दोन्ही बाजूंना खोल चरे. आकडा ७३०४. दुसरं काही कळत नाही.
८) चिनी, मधे चौकोनी भोक, लाल दोऱ्याचा तुकडा अडकलेला.

गूगल लेन्सला विचारलं. पहिल्याला त्याने 'प्राचीन रोमन' सांगितलं, आठव्याला बटण.

ता.क. पहिलं फार काळं होतं म्हणून चिंच-मिठाने घासलं. आता छान गुलाबी दिसतंय.

---

उगाचच

घड्याळाच्या पट्ट्याचं काय झालं?

(पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.)

---

नाणेफेक

ता.क. वाचून डोळ्यांपुढे अंधारी आली. खुर्दा, तुम्ही पूजेची भांडी घासत नव्हता हो. नाण्यावरचा तो काळा-तपकिरी थर जमायला शंभर-सव्वाशे वर्षं लागतात आणि चिंचेला दोन मिनिटं पुरतात. गुलाबी नाणं कुठलाही संग्राहक हातात धरत नाही. यापुढे कोमट पाणी, फार तर साबणाचा थेंब, आणि फडक्याने टिपून घ्यायचं. चोळायचं नाही.

आता सोपी आधी उरकतो.

हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड. त्यांच्या चार भाषा, कुणाची लिहायची यावरून भांडण नको म्हणून लॅटिन नाव. असे बरेच देश नाण्यावर घरचं नाव लावतात: सुओमी म्हणजे फिनलंड, मग्यार दिसलं की हंगेरी, श्किपेरी म्हणजे अल्बानिया, नोर्गे म्हणजे नॉर्वे. आपल्याही नाण्यावर 'भारत' असतंच की.

सातवं नाणंच नाही. इटलीतल्या सार्वजनिक फोनचं टोकन आहे, 'जेत्तोने'. चरे असतात ते फोनच्या खाचेसाठी. ७३०४ म्हणजे १९७३ सालचा एप्रिल. गंमत म्हणजे इटलीत सुट्ट्या पैशांची चणचण असे तेव्हा हे टोकन दुकानात पैशासारखं चालायचं. तेव्हा 'नाणंच नाही' हेही अर्धवटच म्हणा.

आठवं: लाल दोरा दिसला तिथेच विषय संपला. ते फेंगशुईचं. गल्ल्यात ठेवायला तीन नाणी लाल फितीत बांधून विकतात, त्यातलं एक सुटलं असणार. खरी चिनी नाणी दिसायला तशीच असतात, पण ती ओतीव, कडा कानशीने घासलेल्या, आणि चीनच्या किंग (Qing) राजघराण्याची असतील तर मागच्या बाजूला उभी मांचू लिपी. या मिश्रणाच्या पिशव्यांत दहातलं एकही खरं निघत नाही, निदान माझ्या नशिबी तरी निघालेलं नाही.

पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्यावर रात्री लिहितो. साल चुकीचं वाचताय एवढं सांगून ठेवतो.

---

सकुरा_मौसी

चौथं माझं! पाच वर्षं योकोहामात काढली आहेत.

ते पाच येन. चिनी नाही, जपानी. आजही चलनात आहे, आणि जपानच्या चालू नाण्यांत इंग्रजी आकडा नसलेलं हे एकटंच, म्हणून सगळे फसतात. भाताची लोंबी म्हणजे शेती, खाली आडव्या रेघा आहेत ते पाणी म्हणजे मासेमारी, आणि भोकाभोवती बारीक दाते दिसतील ते यंत्राचं चाक, म्हणजे उद्योग. पाच येनला 'गो-एन' म्हणतात आणि तसाच उच्चार 'ऋणानुबंध' या अर्थाच्या शब्दाचा आहे, म्हणून देवळात दानपेटीत हेच टाकायची पद्धत.

साल मागच्या बाजूला आहे. सम्राटाच्या राजवटीचं नाव आणि वर्ष. तिथे काय काय आकृत्या दिसतात ते सांगा.

---

खुर्दा

भिंगाने पाहिलं. दोन गिचमिड अक्षरं, मग एक खिडकी, खिडकीत दोन पडदे सोडल्यासारखे. मग अधिकचं चिन्ह. मग अजून एक गिचमिड.

---

सकुरा_मौसी

खिडकीतले पडदे! आता मला ते अक्षर दुसरं काही दिसणारच नाही.

खिडकी म्हणजे चार, अधिक म्हणजे दहा. चार दहा, चाळीस. शेवटचं अक्षर 'वर्ष'. सुरुवातीची दोन बहुतेक 'शोवा'. शोवाच्या वर्षात १९२५ मिळवायचे: १९६५. त्याआधीच्या राजवटींची नाणी सापडली तर ताइशोला १९११, मेइजीला १८६७. अलीकडची हेइसेईची असतील तर १९८८. आणि एक: युद्धाच्या आधीच्या नाण्यांवर हे सगळं उजवीकडून डावीकडे असतं, तिथे उलटं वाचून डोकं धरू नका.

---

नाणेफेक

आलो. आधी आकडे, कारण इथेच मराठी माणूस हमखास घसरतो.

अरबी लिपीतलं शून्य म्हणजे नुसता ठिपका. आपल्याला जे शून्य वाटतं तो त्यांचा पाच. एक म्हणजे उभी रेघ, सात म्हणजे इंग्रजी व्ही, आठ म्हणजे तोच व्ही पालथा. नऊ इंग्रजीसारखाच. आणि जो इंग्रजी सातासारखा भासतो तो सहा. मजकूर उजवीकडून वाचायचा, आकडे मात्र डावीकडूनच.

म्हणजे तुमचं मस्कतचं १३१० नाही, १३१५. हिजरी वर्ष चांद्र, ३५४ दिवसांचं, म्हणून नुसतं ६२२ मिळवून भागत नाही. आधी ०.९७ ने गुणा, मग ६२२ मिळवा. १३१५ चे होतात १२७५.५५, अधिक ६२२, म्हणजे १८९७-९८. सुलतान फैसल बिन तुर्की. इराणचं १९२५ नंतरचं नाणं असेल तर हा हिशेब लावू नका, तिथे बहुधा सौर वर्ष असतं, सरळ ६२१ मिळवायचे. तुर्कस्तानच्या सुलतानांचं निघालं तर तिसरीच तऱ्हा: मोठ्या अक्षरात गादीवर बसल्याचं साल आणि शेजारी राजवटीचं कितवं वर्ष. १३२७ आणि बाजूला ३ असेल तर नाणं १३२९ चं, म्हणजे १९११ चं. सगळी नाणी १३२७ चीच कशी, म्हणून मी वर्षभर चक्रावलो होतो.

आता सहावं. १३७७ नाही, १३६६. करा हिशेब.

---

खुर्दा

१३६६ गुणिले ०.९७ = १३२५, अधिक ६२२ = १९४७!

सौदीत १९४७ साली चार मिनार?

---

मांजराकाठ

अहो कसली सौदी, तो चारमिनार आहे! हैदराबाद!! आमच्या मराठवाड्यात चलनात होतं हे. लातूरला आमची आजी शेवटपर्यंत 'हाली' आणि 'कलदार' असं बोलायची. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा. सहा कलदारला सात हाली हा भाव. बाजाराला सोलापुरात जायचं म्हटलं की आधी बदलून घ्यायला लागायचे, आणि त्यात सावकार हात मारायचा, असं ती सांगायची.

कमानीत एक अक्षर असेल बघा, बारीक.

---

नाणेफेक

+१. कमानीतलं अक्षर 'ऐन' असणार, मीर उस्मान अली खानचं आद्याक्षर. आधीच्या निजामाच्या, महबूब अलीच्या नाण्यांवर तिथे 'मीम' असतं. साल बरोबर वाचलं असतं तर अडखळला नसतात, कारण १३७७ म्हणजे १९५७-५८, आणि संस्थान १९४८ च्या सप्टेंबरातच विलीन झालं.

चुंबक लावून पाहा. चिकटलं तर निकेल, शेवटच्या दोन-तीन वर्षांतलं. नाही चिकटलं तर मला व्यनि (खासगी निरोप) करा. :)

---

खुर्दा

चिकटलं. मांजराकाठ, आभार. परदेशी पिशवीत लातूर निघेल असं वाटलं नव्हतं.

---

सुलभा_दामले

मधेच घुसते, माफ करा. माझ्या सासऱ्यांचे वडील एडनला नोकरीला होते. त्यांनी आणलेलं एक मोठं चांदीचं नाणं आहे, जाड राणी, मागे दोन डोक्यांचा गरुड, साल १७८०. वरती कडी डाग देऊन बसवलीये, सासूबाई सणाला गळ्यात घालायच्या. अडीचशे वर्षांचं म्हणजे लाखांत जाईल असं दीर म्हणतात. खरं का?

---

नाणेफेक

सुलभाताई, दीरांना बसवून हे वाचून दाखवा.

ती ऑस्ट्रियाची मारिया तेरेसा. बाई १७८० मध्ये गेल्या. पण त्यांच्या थालरवर (या चांदीच्या नाण्याचं नाव) अरबस्तान आणि इथिओपियातल्या व्यापाऱ्यांचा एवढा विश्वास बसला होता की दुसरं नाणं ते घेईनातच. म्हणून साल न बदलता तेच नाणं पुढे दीडशे-दोनशे वर्षं पाडत राहिले. व्हिएन्नात तर पाडलंच, पण लंडन, रोम, पॅरिस, ब्रुसेल्समध्येही पाडलं आणि १९४०-४१ मध्ये चक्क आपल्या मुंबईच्या टांकसाळीत. तेव्हा तुमच्या सासूबाईंच्या गळ्यातली राणी फोर्टातली असण्याचीही शक्यता आहे.

खरं-खोटं बघायचं तर वजन २८ ग्रॅमच्या आसपास (कडी वजा धरून), आणि नाण्याच्या जाडीवर, म्हणजे कडेवर, लॅटिन अक्षरं उठावदार हवीत. गुळगुळीत कड असेल तर नकली. किंमत चांदीच्या भावाच्या आगेमागे, त्यात कडी डागलेली. पण मी तुमच्या जागी असतो तर विकलं नसतं.

---

सुलभा_दामले

अक्षरं आहेत! आणि विकायचं नाहीच. दीरांना फक्त गप्प करायचं होतं.

---

शेणवी_मांडवी

गोव्याहून हजेरी. कुणाला 'इश्टादू द इंडिया' लिहिलेली नाणी मिळाली तर ती आमची, १९५८ ते ६१. त्यांत ३ आणि ६ एश्कुदू (पोर्तुगीज चलन) असे विचित्र आकडे दिसतात, कारण जुनी एक रुपिया मोडून तिचे सहा एश्कुदू केले होते. अर्धी रुपिया तीन. पिशव्यांत दहा सेंतावू पुष्कळ निघतं.

पण तराजूचं काय झालं? मी त्याच्यासाठी थांबलोय.

---

सरदेशमुख

तराजू म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचं, मुंबई इलाखा. तराजू छाप पैसा. माझ्याकडे चार आहेत, १८३३ सालचे. पारड्यांच्या मधे फारसीत 'अदल' म्हणजे न्याय. शिवकालीनशी काही संबंध नाही. विषय संपला.

---

नाणेफेक

सरदेशमुख, तुमच्या चारांवर दुसऱ्या बाजूला कंपनीचं चिन्ह आणि इंग्रजी साल आहे की नाही? खुर्दा म्हणतात इंग्रजी अक्षर एकही नाही.

खुर्दा, तराजूखालचे आकडे सांगा. वर दिलेल्या कोष्टकाप्रमाणे.

---

खुर्दा

उभी रेघ. मग वर आकडी असलेली काठी. मग दोन इंग्रजी नऊ.

---

नाणेफेक

१२९९. करा गुणाकार: १२६०, अधिक ६२२, १८८२. कंपनी सरकार जाऊन तोवर चोवीस वर्षं झाली होती.

हे झांझिबारचं आहे. सुलतान बर्घाश बिन सईद, त्याचा 'पायसा'. शब्द नीट ऐका, पैसाच आहे तो. आपल्या किनाऱ्यावरून गेला आणि तिथे मुरला. पूर्व आफ्रिकेत आज पैशाला 'पेसा' म्हणतात, केनियात मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेचं नाव एम-पेसा आहे. जर्मनांनी शेजारी वसाहत केली तेव्हा त्यांच्याही नाण्यावर 'पेसा' आणि 'रूपी' आले, चौसष्ट पेशांची एक रूपी, अगदी आपल्या जुन्या हिशेबाने. मस्कतच्या नाण्यावरचा 'आणा'ही आपल्याकडूनच गेलेला.

आणि हा बर्घाश १८५९ मध्ये भावाविरुद्ध बंड करून हरला, तेव्हा इंग्रजांनी त्याला हद्दपार कुठे केलं? मुंबईत. दोन वर्षं होता. तिथे कंपनीचे तराजूवाले पैसे त्याच्या हातात पडले असतील, असं मला आपलं वाटतं. पुरावा मागू नका, नाही.

दुर्मीळ नाही हे नाणं. पण चांगल्या स्थितीतलं असतं तर...

---

उगाचच

...पण गुलाबी आहे.

---

सरदेशमुख

चूक मान्य. चष्मा लावून सगळे चार पुन्हा तपासले, चारही कंपनीचेच निघाले. वाईट वाटलं.

---

टोरांटोची_थंडी

खुर्दा, तो पायसा मला हवाय, गुलाबी चालेल. पोस्टाने पाठवाल का? पैसे लगेच करते.

---

नाणेफेक

पाठवू नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरचं कुठलंही नाणं पुरावशेष ठरतं, ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. साडेचारशे रुपयांच्या पिशवीसाठी नसती आफत.

आता तिसरं, जे कुणीच विचारत नाहीये. खुर्दा, १९३६ च्या त्या भोकाच्या नाण्यावर राजाचं नाव वाचा. मुकुट आहे त्या बाजूला.

---

खुर्दा

'एडवर्डस', मग व्ही आणि तीन दांड्या. रेक्स एट इंड. इंप.

---

नाणेफेक

आठवा एडवर्ड. १९३६ च्या जानेवारीत गादीवर आला, डिसेंबरात लग्नासाठी सोडून गेला. ब्रिटनमध्ये त्याच्या चेहऱ्याची नाणी चलनात येईपर्यंत साहेब राजेच राहिले नव्हते. पण वसाहतींच्या भोकाच्या नाण्यांवर चेहरा नसतोच, नुसतं नाव. ती आधीच पाडून रवाना झाली होती. म्हणून लंडनला जे मिळालं नाही ते मोंबासाच्या भाजीवालीकडे होतं. आपल्याकडे कच्छ आणि जोधपूर संस्थानांनीही त्याच्या नावाची नाणी पाडली.

भरपूर निघाली, त्यामुळे स्वस्त आहे. पण मला विचाराल तर तुमच्या पिशवीतलं सगळ्यात मजेदार नाणं हेच.

'इंड. इंप.' म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. आपण स्वतंत्र झाल्यावर ते गळलं, ब्रिटनच्या नाण्यांवरून १९४९ पासून. साल पुसलं गेलं असेल तर ती दोन अक्षरं कामी येतात.

एक काम करा. पिशवीतली पूर्व आफ्रिका, झांझिबार, मस्कत, सिलोन, मलाया एवढी बाजूला काढा. किती होतात आणि सगळ्यात नवीन साल कोणतं?

---

खुर्दा

३१ नग. बारा तर नुसती पूर्व आफ्रिका. मलायाचा चौकोनी सेंटही आहे, मघाशी लिहायचा राहिला. सगळ्यात नवीन १९५६, पूर्व आफ्रिकाच. बाकीच्या ६३ मध्ये युरोप, अमेरिका, आखात, बहुतेक १९७० नंतरची.

---

नाणेफेक

वाटलंच. या दोन पिशव्या आहेत, एकीत कोंबलेल्या. दुकानदार मिसळतो तेव्हा सगळीकडचं सगळं येतं. इथे ३१ नाणी एकाच समुद्राच्या कडेची आणि १९५६ ला थांबतात. हे एका माणसाच्या खिशातलं आहे.

---

आडिवरेकर

बोटीवरचा माणूस. आमच्या रत्नागिरीकडे दर चार घरांआड एक असायचा. आजोबा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटीवर होते, मुंबई, मोंबासा, झांझिबार, दारेसलाम अशी फेरी. 'करंजा' बोटीचं नाव त्यांच्या तोंडी सारखं असे, आम्हाला वाटायचं खायचीच गोष्ट. घरी आले की उरलेली चिल्लर बिस्किटाच्या डब्यात. आम्ही पोरं त्या भोकाच्या नाण्यांत सुतळी ओवून बैलाच्या गळ्यात बांधायचो.

डबा काकांनी घर विकलं तेव्हा गेला.

---

सरदेशमुख

पण १८८२ चं नाणं १९५६ च्या खलाशाकडे?

---

आडिवरेकर

आजोबांचे वडीलही बोटीवरच होते. आमच्याकडे नोकरी बदलत नसत हो.

---

खुर्दा

आज पुन्हा रविवार. जाऊन आलो. पथारीवाल्याला विचारलं, नाणी कुठून आणली? म्हणाला भंगारवाल्याकडून, चिपळूणच्या पुढचं कुठलं तरी घर पाडलं, तिथला गंजका डबा होता. त्यानेच चार पिशव्यांत वाटला, वर दुसरा माल घालून शंभर केले. (शंभर नव्हते असं सांगितलं. हसला.) डबा कुठाय? फेकला. दोन पिशव्या गेल्या, एक शिल्लक होती. भाव सातशे झाला, कारण मी परत आलो होतो.

घेतली. समोर टेबलावर आहे, पिना अजून काढलेल्या नाहीत. प्लास्टिकमधून एक मोठं भोकाचं दिसतंय आणि एक काळंकुट्ट, त्यावर तराजूसारखं काहीतरी.

---

आडिवरेकर

थांबा. जेवण उरकून येतो, मग फोडा.

---

नाणेफेक

आणि घरातली चिंच शेजारी देऊन या.

---

उगाचच

पट्टा?

---

खुर्दा

राहिला.